बघ्यांचा तक्ता

पुस्तकात त्यांच्यासाठी एकच ओळ आहे.
बघे : सगळे गुण दहा, जीव चार.
पान उलटलं की यंत्रमानव.
त्याला अडीच पानं, चित्रासकट.

शनिवारची रात्र, कन्नमवार नगर, पारसचं घर.
त्याचे आईवडील नाशिकला लग्नाला,
चटईवर चिवड्याचं पातेलं,
वीस बाजूंचा फासा सोफ्याखालून झाडूने काढलेला.
खेळ मी चालवते. म्हणजे शहर मी, खलनायक मी,
सिग्नल लाल की हिरवा तेही मी.

पारसचा हिरो उडतो. तन्वीरचा हिरो लोखंड वाकवतो.
आज तन्वीरने बस उचलली,
बेस्टची, आगाराकडे निघालेली,
आणि यंत्रमानवावर फेकायला हात मागे नेला.

थांब, मी म्हटलं. आत माणसं आहेत.
किती?
सहा.
मग लिही दहा-दहा, म्हणाला पारस चिवडा चावत,
बघेच आहेत ना.

मी वही ओढली.

कंडक्टर घाडीगावकर, वय त्रेपन्न.
ताकद नऊ, उजवा खांदा धरलाय.
चपळाई पंधरा.
पंधरा?
चालत्या बसमध्ये, दांडा न धरता,
पाचशेचे सुटे मोजून दाखव, मग बोल.

सिस्टर फिलोमिना, रात्रपाळीला निघालेली.
लहान बाळाची शीर अंधारातही सापडते तिला.
शिरेला रकाना नाही, म्हणून जाण अठरा.
छाप सात. खेकसते. पेशंट घाबरून असतात.

मागच्या सीटवर बोरगावे, बँकेतून निवृत्त,
अडतीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या,
खोटी सही हातभर लांबून ओळखत,
आणि गेल्या महिन्यात एका खोट्या फोनला
एक लाख ऐंशी हजार देऊन बसले.
अक्कल किती देऊ?
बारा, म्हणाला तन्वीर. बस अजून त्याच्या डोक्यावर.
माझे नानाही असेच फसले. बारा दे.

एक मुलगा, झोपलेला.
त्याला खरंच दहा. झोपलेल्याला आणखी काय देणार.

सामान्य माणूसच खरा हिरो वगैरे
पतपेढीच्या कॅलेंडरवर ठीक आहे.
मला ते म्हणायचं नाही.
माझ्या मामाची ताकद सहा आहे. सहाच.
गॅसचा सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत
लोळवत नेतो आणि मग स्टुलावर बसून राहतो.
पुस्तक त्याच्याही बाबतीत चुकलंय,
फक्त दुसऱ्या बाजूने.

एकोणीसची होते तेव्हा, गंमत म्हणून,
मी स्वतःचाच तक्ता भरला होता.
अक्कल सोळा, छाप चौदा.
ती वही माळ्यावर आहे. असू दे.

पाऊण तास गेला. चिवड्यातले शेंगदाणे संपले,
नुसते पोहे उरले.
यंत्रमानव रस्त्यात ताटकळलेला.
फेकू का आता? तन्वीरने विचारलं.

बघ्यांना पाळी नसते, असा नियम आहे.
मी घाडीगावकरांना पाळी दिली.
त्यांच्या वतीने फासा टाकला. चौदा.
पंधराच्या आत. पुरला.
दहा असते तर नसता पुरला.

आडव्या झालेल्या बसमध्ये, खिडकीच्या गजांवर पाय देत,
पिशवी दातात धरून ते दोरीपर्यंत पोचले
आणि घंटी मारली. एकदाच.

दोनदा म्हणजे चला.
एकदा म्हणजे काय, हे विक्रोळीत वाढलेल्याला
पुस्तकात शोधावं लागत नाही.

तन्वीरने बस खाली ठेवली,
चाकं आधी, हळू, बाजूला घेऊन.
तेवढ्यात यंत्रमानवाने लाथ घातली,
तन्वीरचे तेवीस गुण गेले,
पारस माझ्यावर ओरडला, ही काय पद्धत आहे!

मग वही स्वतःकडे फिरवून बघत बसला.
चारच नावं आहेत, म्हणाला. तू सहा म्हणालीस.

एक ड्रायव्हर, मी म्हटलं.
आणि एक बाई पुढच्या दाराशी उभी आहे.
तिने अजून तिकीट काढलेलं नाही.